इंग्रजीचे सर, मराठीचे जी. ए.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी घेतलेल्या मुलीला घरीदारी एकच प्रश्न विचारतात. आमच्याकडे तो रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात विचारला जातो. इंग्लिश घेतलंस हे बरं केलंस, पण पुढे काय? विचारणाऱ्या आंटीला उत्तर आधीच ठाऊक असतं. एक तर बी.एड. करून कुठल्यातरी शाळेत, नाहीतर बंगळूरला हेडफोन लावून रात्रपाळी. गेल्या सेमिस्टरला आम्ही एका करिअर मार्गदर्शनालाही जाऊन बसलो. तिथल्या पाहुण्यांनी दीड तास सॉफ्ट स्किल्सवर बोलून शेवटी सल्ला दिला की बायोडेटात छंद म्हणून वाचन लिहू नका, सगळेच लिहितात, त्याचा काही उपयोग नसतो. सभागृहात बसलेली निम्मी मुलं साहित्याची होती. आम्ही निमूटपणे वहीत लिहून घेतलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात जी. ए. कुलकर्णी घोळताहेत. कारण साधं आहे. रायापूरहून धारवाडकडे जाणारी चिगरी बस विद्यागिरीला थांबते, आणि तिथेच जे.एस.एस. कॉलेज आहे. मराठी कथेतलं एक फार मोठं नाव त्या कॉलेजात जवळजवळ तीस वर्षं इंग्रजी शिकवत होतं. मराठी नव्हे, इंग्रजी. आमच्या वर्गातल्या कितीजणांना हे माहीत आहे असं मी एकदा विचारलं, तर तीन हात वर आले. त्यातल्या एकाला ते जी. ए. म्हणजे कुठलीतरी पदवी वाटली होती.

गुरुनाथ आबाजी कुलकर्णी हे त्यांचं पूर्ण नाव. घरी त्यांना बाबुअण्णा म्हणत. जन्म १० जुलै १९२३ चा, बेळगाव जिल्ह्यातला. शिक्षण बेळगावात. लहान वयातच घरातली जवळची माणसं एकामागून एक गेली, आणि हा घाव पुढे त्यांच्या कथांमधून कधी पूर्ण भरलेला दिसत नाही. लहानपणापासून चित्रांची ओढ होती. पण चित्रावर पोट भरेल असं त्या काळच्या बेळगावातल्या मध्यमवर्गीय घरात कोण म्हणणार? (आजच्या तरी कुठल्या घरात म्हणतात?) त्यांनी इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. केलं.

इथे थोडं थांबून त्या वेळची परिस्थिती बघू. बेळगाव आणि धारवाड तेव्हा मुंबई प्रांतात होते. धारवाडचं कर्नाटक कॉलेज १९१७ चं, बेळगावचं लिंगराज १९३३ चं. या भागातल्या मुलाने इंग्रजीत एम.ए. केलं की त्याच्यापुढे हायस्कूल, कॉलेज किंवा सरकारी कचेरी अशा मोजक्या वाटा असत. पण त्या खरोखरच्या वाटा होत्या. नवी कॉलेजं निघत होती आणि प्रत्येक कॉलेजला इंग्रजीचा माणूस लागायचा, कारण आर्ट्स असो की सायन्स, इंग्रजी सगळ्यांनाच होतं. नेटची परीक्षा सुरू झाली १९८९ साली. जी. एं. च्या पिढीला ती द्यावी लागली नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण मोठ्या लोकांची चरित्रं सांगताना आपण त्यांच्या काळातला सोपेपणा लपवतो आणि मग आपल्याच पोरांना आळशी ठरवतो.

तर जी. ए. धारवाडला आले, जे.एस.एस. मध्ये इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि तिथेच राहिले. लग्न केलं नाही. मावसबहिणी प्रभावती आणि नंदा त्यांच्या घरी असत. नंदा पैठणकरांनी पुढे 'प्रिय बाबुअण्णा' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात घरातले जी. ए. भेटतात. कॉलेज, घर, संध्याकाळी क्लबात पत्त्यांचा डाव, पुष्कळ वाचन, सिनेमा, मधूनच रंग आणि कुंचला असा दिवस. डोळ्यांवर काळा चष्मा. सभा नाही, भाषण नाही, सत्कार नाही. मुंबई-पुण्याच्या साहित्यिक वर्तुळात त्यांच्याविषयी दंतकथा तयार झाल्या त्या यामुळेच. धारवाडात मात्र ते रस्त्याने जाणारे एक सर होते. पोरांच्या दृष्टीने तर फक्त इंग्रजीच्या तासाचे सर.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि धारवाड म्हैसूर राज्यात गेलं. मराठी लिहिणारा माणूस मराठी राज्याच्या बाहेर पडला. मला वाटतं, इंग्रजीच्या पदवीने जी. एं. ना काय दिलं ते इथे कळतं. ते मराठीचे प्राध्यापक असते तर कदाचित कोल्हापूर, सांगली, पुण्याकडे सरकावं लागलं असतं. कानडी शिकवत असते तर कदाचित लिहिण्याची भाषाही हळूहळू बदलली असती. इंग्रजीला ना हे राज्य ना ते राज्य. त्यामुळे ते जिथे होते तिथेच राहू शकले. वर्गात इंग्रजी, बाजारात कानडी, कागदावर मराठी. हे आपल्यापैकी अनेकांचं रोजचंच आहे, फक्त आपण त्याला अडचण म्हणतो. नोकरीच्या अर्जात मातृभाषेच्या रकान्यात काय लिहावं इथपासून आमची सुरुवात असते. माझ्या घरी मराठी बोलतात, प्रार्थना कोकणीत होते, रिक्षावाल्याशी कानडी आणि परीक्षा इंग्रजीत. मुलाखतीला गेलं की या चारांपैकी एकच कामाची असं वाटायला लावतात.

जी. एं. चा पहिला कथासंग्रह 'निळासावळा' १९५९ साली आला, म्हणजे प्रांतरचनेनंतर. मग 'पारवा' १९६० मध्ये, 'हिरवे रावे' १९६२ मध्ये, 'रक्तचंदन' १९६६ मध्ये. पुढे 'काजळमाया' १९७२, 'रमलखुणा' आणि 'सांजशकुन' १९७५, 'पिंगळावेळ' १९७७. ही सगळी पुस्तकं धारवाडात राहून, पेपर तपासता तपासता लिहिलेली आहेत. त्यातली माणसंही पुष्कळदा आपल्याच भागातली आहेत, उत्तर कर्नाटकातल्या गावांतली, जुन्या घरांतली, मोडलेल्या संसारांतली. नंतरच्या कथांमध्ये काळ आणि देशच नाहीसे होतात. राजे, प्रवासी, विदूषक, संन्यासी येतात. 'ऑर्फियस' सारख्या कथेत ग्रीक पुराण सरळ मराठीत उतरतं. बायबलच्या खुणाही सापडतात. मी चर्चमध्ये वाढलेली असल्यामुळे त्या मला जरा लवकर दिसतात, आणि दर वेळी आश्चर्य वाटतं की या ब्राह्मण घरातल्या माणसाने जुना करार इतक्या आतून कसा वाचला असेल.

इंग्रजी विभागात काम करणाऱ्या माणसाला ग्रीक शोकांतिका, शेक्सपियर, बायबल ही वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उघडावी लागतात. एरवी आपण एखादं पुस्तक एकदा वाचून ठेवून देतो. शिकवणाऱ्याला ते दर जूनमध्ये नव्या पोरांसमोर पहिल्यापासून वाचावं लागतं. मग ते अंगात मुरतं. जी. एं. ची नोकरी त्यांच्या लिहिण्याच्या आड आली असं म्हणणारे असतील, मला तसं वाटत नाही. तीस वर्षं पगार घेऊन वाचायला मिळणं हे काही लहानसहान नव्हे.

पण सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो त्यांच्या अनुवादांवर. आपल्याकडे जी. ए. म्हटलं की कथा, आणि अनुवाद म्हणजे जाता जाता केलेलं काम, असं धरलं जातं. इंग्रजीच्या विद्यार्थ्यासाठी मात्र ती खरी शाळा आहे. कॉनराड रिक्टर नावाचा अमेरिकन कादंबरीकार होता. ओहायोच्या घनदाट जंगलात वस्ती करायला आलेल्या कुटुंबाची कथा त्याने तीन कादंबऱ्यांत सांगितली: 'द ट्रीज' १९४० मध्ये, 'द फील्ड्स' १९४६ मध्ये आणि 'द टाउन' १९५० मध्ये. तिसरीला १९५१ साली पुलित्झर मिळालं. जंगल तुटतं, शेती येते, गाव वसतं, असा तो प्रवास. जी. एं. नी त्यांची मराठी नावं ठेवली 'रान', 'शिवार' आणि 'गाव'.

आता ही नावं जरा हातात घेऊन बघा. ट्रीज म्हणजे झाडं, हे सहावीतलं पोरही सांगेल. झाडं म्हटलं की अंगणातलं चिंचेचं झाडही आलं. रान म्हटलं की अंधार आला, वाट चुकणं आलं, श्वापद आलं. आणि त्या कादंबरीतल्या माणसांना झाडं सुटी सुटी दिसतच नाहीत, त्यांना वेढून असतं ते रानच. फील्ड्सचं शेतं करता आलं असतं. पण शिवार म्हणजे एका गावाची सगळी मिळून जमीन, तिच्यात माझं शेत, तुझं शेत, बांध, पाणंद सगळं येतं. म्हणजे या एका शब्दात लोक एकत्र राहायला लागलेत ही बातमी आहे. टाउनचं शहर न करता गाव केलं, ते का? मला वाटतं, कारण ते वसताना आपण पाहिलेलं असतं. शहर आयतं भेटतं, गाव वसवावं लागतं. शब्दकोशात हे काही मिळत नाही. इंग्रजी पक्कं लागतंच, पण आजोळच्या रानातून चाललेलं असावं लागतं. आमच्या अभ्यासक्रमात अनुवादाचं एक युनिट आहे, त्यात सिद्धांत पुष्कळ आहेत. ही तीन नावं शिकवली तर निम्मं काम होईल, असं माझं आगाऊ मत आहे.

दुसरं उदाहरण युजीन हाइमलरचं. हा हंगेरियन ज्यू. आउशविट्झ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून तो वाचला आणि आपल्या आठवणी त्याने लिहिल्या, इंग्रजीत त्या 'नाइट ऑफ द मिस्ट' नावाने आल्या. धुकं आणि रात्र ही जोडी नाझींच्याच एका कुप्रसिद्ध हुकुमातली, माणसं मागमूस न ठेवता नाहीशी करण्याच्या हुकुमातली. आता धुक्याची रात्र म्हटलं तर मराठी वाचकाला महाबळेश्वर आठवेल. जी. एं. नी नाव दिलं 'वैऱ्याची एक रात्र'. रात्र वैऱ्याची आहे, जागे राहा, हे आपल्याकडे म्हातारी माणसंसुद्धा म्हणतात. शब्द पूर्ण बदलला आणि भीती जशीच्या तशी आली. विल्यम गोल्डिंगच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज'चाही त्यांनी अनुवाद केला.

मग मला वाटतं, आमच्या त्या मार्गदर्शकांना कुणीतरी हे दाखवायला हवं होतं. आज प्रकाशनसंस्था, सरकारी अनुवाद विभाग, न्यायालयं, सिनेमांच्या उपशीर्षकांचं काम करणाऱ्या कंपन्या, जाहिरात, औषधांच्या डब्यांतली माहितीपत्रकं, बँकांची ॲप, सगळीकडे एका भाषेतून दुसरीत नेणारा माणूस लागतो. यंत्र आता पहिला मसुदा करून देतं हे खरं. ते यंत्र फील्ड्सचं शेतं करेल, आणि व्याकरणात काही चुकणार नाही. शिवार म्हणणारा माणूस लागेल की नाही, आणि लागला तर त्याला पैसे किती मिळतील, हा आमच्या पिढीचा प्रश्न आहे. याचं उत्तर जी. एं. च्या चरित्रात नाही. त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार होता. नुसत्या अनुवादावर घर चालवायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

इंग्रजी शिकून दुसऱ्या वाटांनी गेलेलेही आहेत. बा. सी. मर्ढेकर १९२९ साली आय.सी.एस. साठी इंग्लंडला गेले, नापास होऊन १९३३ मध्ये परतले, काही काळ इंग्रजी शिकवलं आणि १९३८ मध्ये नभोवाणीत शिरले. तिथे त्यांनी रेडिओसाठी संगीतिका लिहिल्या. विंदा करंदीकर मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक होते, त्यांनी 'किंग लिअर' मराठीत आणलं. आपल्या सावनूरचे वि. कृ. गोकाक कर्नाटक कॉलेजात शिकले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि कानडीत लिहून ज्ञानपीठापर्यंत गेले. सांगलीला म. द. हातकणंगलेकर इंग्रजी शिकवत आणि मराठी समीक्षा लिहीत. जी. एं. चे ते स्नेही, दोघांचा पत्रव्यवहार मोठा. एकंदरीत या सीमेवर इंग्रजीचा वर्ग घेऊन घरी जाऊन मराठी किंवा कानडी लिहिणाऱ्यांची एक परंपराच दिसते. मर्ढेकरांचं तर स्वतंत्र लिहायला हवं, नापास झालेल्या परीक्षेवर आपल्याकडे कुणी लिहीतच नाही.

पत्रांचा उल्लेख झाला म्हणून सांगते. सभासंमेलनांना न जाणारा हा माणूस पत्रं मात्र भरभरून लिहायचा. सुनीता देशपांड्यांना लिहिलेली पत्रं नंतर पुस्तकरूपाने आली. वाचलेली पुस्तकं, पाहिलेले सिनेमे, चित्रं, लोकांच्या तऱ्हा, सगळं त्यांत आहे. आज आम्हाला नेटवर्किंग करा म्हणून सांगतात. धारवाडात बसून मुंबई, पुणे, सांगलीच्या उत्तम वाचकांशी वर्षानुवर्षं बोलत राहणं याला दुसरं काय म्हणायचं? फक्त त्यात काम मिळवण्याचा हेतू नव्हता. बाकी आजच्या मुलाखतीत जी. ए. टिकले असते असं मला मुळीच वाटत नाही. काळा चष्मा लावून गटचर्चेत गप्प बसलेला उमेदवार पहिल्याच फेरीत घरी गेला असता. आणि त्यांचा एकांत काही सगळ्यांनी उचलावा असा नाही. मला स्वतःला तो थोडा भीतीदायकच वाटतो.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा आठवते. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मग त्या पुस्तकाच्या प्रकाशनाच्या वर्षावरून वाद निघाला, म्हणजे ते पुरस्काराच्या नियमात बसतं की नाही यावरून. कथा चांगल्या की वाईट हा मुद्दाच नव्हता. तारखेचा घोळ होता, आणि पुस्तकावरची तारीख काही लेखक छापत नाही. दुसरा कुणी असता तर प्रकाशकाकडे बोट दाखवून मोकळा झाला असता आणि त्यात काही चूकही नव्हती. जी. एं. नी पुरस्कार परत केला. कॉलेजच्या पगारावर राहणारा माणूस, पुरस्कार देशातला मोठा. मला हे सोपं वाटत नाही. आम्ही इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर दोन आठवड्यांचे दोन महिने करून घेतो आणि कुणाला काही वाटत नाही. मीही एकदा तसं प्रमाणपत्र घेतलं आहे, अजून फाइलमध्ये आहे. अर्जाला जोडायचं की नाही हे ठरत नाही.

शेवटची वर्षं आजारपणात गेली. उपचारांसाठी धारवाड सोडून ते पुण्याला गेले. १९८६ साली लहान मुलांसाठीचं 'बखर बिम्मची' आलं. अंधारातल्या कथा लिहिणाऱ्या माणसाने एका लहानग्याच्या खोड्यांचं इतकं उजेडाचं पुस्तक लिहावं याचं अजूनही लोकांना नवल वाटतं. ११ डिसेंबर १९८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. 'माणसे: अरभाट आणि चिल्लर' आणि 'कुसुमगुंजा' ही पुस्तकं त्यानंतर आली. त्यांच्या 'कैरी' कथेवर अमोल पालेकरांनी पुढे चित्रपट केला.

मी नेटचा फॉर्म भरणार आहे, बी.एड.चाही भरून ठेवणार आहे, घरच्यांना तेवढं समाधान. आणि गेले तीन आठवडे रोज रात्री दोन पानं अनुवाद करते आहे. 'द ट्रीज'ची इंग्रजी प्रत मिळाली, तीच घेतली. पहिल्याच प्रकरणात जंगलाच्या काळोखाच्या एका वर्णनापाशी अडकले. चार शब्द लिहिले, चारही खोडले. जी. एं. नी तिथे काय केलं असेल ते बघावं म्हणून लायब्ररीत 'रान' शोधलं, प्रत जागेवर नव्हती. बेळगावला आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आजोबांकडे आहे म्हणते. शनिवारी सकाळच्या बसने जाणार आहे, आधी माझा पाचवा शब्द ठरवून.